पस्तीस फुटांचे अंतर

मराठीत ‘जागरण’ म्हटले की खंडोबाचे जागरण-गोंधळ, आषाढी-कार्तिकीची रात्र, कोजागरी अशी चित्रे डोळ्यांसमोर येतात. ख्रिस्ती परंपरेतले जागरणही मुळात रात्रीचेच. सणाच्या आदल्या रात्री एकत्र जमावे, शास्त्रपाठ ऐकावेत, स्तोत्रे गावीत आणि उजाडण्याची वाट पाहावी, असा त्याचा क्रम. ईस्टरच्या आदल्या शनिवारी रात्री वसईच्या चर्चांतून मेणबत्त्यांच्या उजेडात जे चालते, ते याच जुन्या प्रथेचे आजचे रूप. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत अमेरिकेतील कॅथलिकांनी हे जागरण चर्चबाहेर काढले आणि गर्भपात-केंद्रांसमोरच्या पदपथावर आणून उभे केले. वेळ बहुधा शनिवारची सकाळ, हातात जपमाळ, आणि मरियेच्या प्रार्थनेची संथ आवर्तने.

या जागरणाला ते ‘साक्ष’ म्हणतात. ‘साक्ष देणे’ हा प्रयोग मराठी बायबलच्या वाचकांना परिचित आहे. ग्रीक भाषेतील ‘मार्तुस’ या शब्दाचा मूळ अर्थ साक्षीदार एवढाच होता. पुढे प्राण देऊन साक्ष देणाऱ्यांसाठी तो रूढ झाला. मराठीने त्याला ‘हुतात्मा’ हा प्रतिशब्द दिला आणि त्यातला साक्षीदार दिसेनासा झाला. साक्षीला ऐकणारा लागतो, ही गोष्ट मात्र विसरून चालत नाही. चर्चमध्ये म्हटलेल्या प्रार्थनेचा श्रोता एकच, परमेश्वर. पदपथावर म्हटलेल्या प्रार्थनेचे श्रोते दोन होतात: एक परमेश्वर आणि दुसरी त्या दारातून आत जाणारी स्त्री. पहिल्या श्रोत्याला अंतराची अडचण नाही. दुसऱ्या श्रोत्यापासून किती दूर उभे राहायचे, हा प्रश्न मात्र प्रार्थना करणाऱ्याला, शासनाला आणि न्यायालयाला, सर्वांनाच पडतो. या प्रश्नाचा एका शहरापुरता इतिहास येथे मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे. ते शहर बॉस्टन.

गर्भपाताच्या नैतिकतेचा निवाडा करण्याचा आमचा हेतू नाही. तरीही तटस्थपणे लिहायला बसल्यावर पहिली अडचण शब्दांचीच येते. ‘गर्भपात’ हा शब्द कायद्यातही आहे आणि बोलण्यातही. ‘भ्रूणहत्या’ हा शब्द आपल्याकडे धर्मशास्त्रातून आला. आज तो बहुधा ‘स्त्री’ या शब्दाला जोडूनच ऐकू येतो, कारण महाराष्ट्रात या विषयावरचा मोठा लढा गर्भलिंगनिदानाविरुद्ध झाला आणि त्यासाठीचा देशातील पहिला कायदा १९८८ साली याच राज्याने केला. गर्भपाताला परवानगी देणारा १९७१ चा केंद्रीय कायदा मात्र आपल्याकडे फारशा गदारोळाविना आला. त्यामुळे शब्द निवडला की बाजूही निवडली जाते, हा अमेरिकेतील रोजचा अनुभव मराठी वाचकाला तितकासा अंगवळणी पडलेला नाही. पुढे या शब्दांच्या प्रश्नाकडे पुन्हा यावे लागेल.

२२ जानेवारी १९७३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘रो विरुद्ध वेड’ खटल्यात गर्भपाताचा हक्क घटनात्मक ठरवला. पुढच्याच वर्षीच्या जानेवारीपासून वॉशिंग्टनमध्ये वार्षिक मोर्चा सुरू झाला. मोर्चा हा राज्यकर्त्यांना ऐकवण्यासाठी असतो. केंद्राच्या दारात जाऊन बसण्याची कल्पना निराळ्या घरातून आली. जॉन ओकीफ हा तरुण कॅथलिक हार्वर्डचा विद्यार्थी होता. त्याचा भाऊ व्हिएतनाम युद्धात मारला गेला आणि ओकीफ युद्धविरोधी झाला. नागरी हक्कांच्या चळवळीतून आणि शांततावादी कॅथलिकांच्या परंपरेतून शिकलेले धरणे त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात गर्भपात-केंद्रांच्या दारांशी आणले. गप्प बसायचे, पोलीस उचलतील तेव्हा प्रतिकार करायचा नाही, शिक्षा भोगायची. आपल्याकडच्या वाचकाला येथे ‘सत्याग्रह’ हाच शब्द आठवेल.

ऐंशीच्या दशकात हे धरणे दुसऱ्यांच्या हाती गेले. १९८८ साली रँडल टेरी या इव्हँजेलिकल प्रोटेस्टंट कार्यकर्त्याच्या ‘ऑपरेशन रेस्क्यू’ने शेकड्यांनी माणसे आणून दारे अडवण्यास सुरुवात केली. बॉस्टनला लागून असलेल्या ब्रुकलाइन या उपनगरातील केंद्रांवरही असे वेढे पडले आणि न्यायालयाला मनाई-हुकूम काढावे लागले. ओकीफच्या धरण्यात अडवणूक होतीच, पण तिच्यात दुबळेपणाची एक मुद्दाम स्वीकारलेली खूण होती. गर्दी वाढली तशी ती खूण पुसट झाली.

याच सुमारास, १९८९ मध्ये, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील धर्मगुरू फिलिप रायली यांनी वेगळी वाट काढली. दार अडवायचे नाही, घोषणा द्यायच्या नाहीत. चर्चमध्ये मिस्सा करायची, तेथून मिरवणुकीने केंद्रापर्यंत चालत जायचे, समोरच्या पदपथावर जपमाळ म्हणायची आणि पुन्हा चालत चर्चमध्ये परतायचे. या प्रकाराला बिशपांची संमती मिळू शकत होती आणि ती मिळालीही. १९९२ मध्ये न्यूयॉर्कचे कार्डिनल जॉन ओकॉनर यांनी स्वतः मॅनहॅटनमधील एका केंद्राबाहेर जपमाळेचे नेतृत्व केले. आज जगभर ज्याला गर्भपातविरोधी प्रार्थना-जागरण म्हणतात, त्याचा साचा बव्हंशी येथे तयार झाला. वेढ्याचा त्याग करून प्रार्थना पुन्हा प्रार्थना होऊ पाहत होती.

पण पदपथ तोच होता आणि काळ बिघडत चालला होता. मार्च १९९३ मध्ये फ्लोरिडातील पेन्साकोला येथे गर्भपात करणाऱ्या एका डॉक्टरचा खून झाला. जुलै १९९४ मध्ये त्याच गावात आणखी एक डॉक्टर आणि त्यांच्यासोबतचा स्वयंसेवक मारले गेले. मे १९९४ मध्ये अमेरिकेने केंद्रांच्या प्रवेशद्वारांशी अडवणूक आणि धाकदपटशा करणे हा संघराज्याचा गुन्हा ठरवला. या कायद्याचा एक तपशील आम्हांला फार बोलका वाटतो. त्याच कायद्याने प्रार्थनास्थळात जाणाऱ्यांनाही तेच संरक्षण दिले. दवाखान्याचे दार आणि चर्चचे दार कायद्याच्या एकाच वाक्यरचनेत आले.

३० डिसेंबर १९९४, शुक्रवार. बावीस वर्षांचा जॉन साल्वी ब्रुकलाइनच्या बीकन रस्त्यावरील ‘प्लॅन्ड पॅरेंटहुड’ या संस्थेच्या केंद्रात बंदूक घेऊन शिरला. स्वागतकक्षात काम करणारी पंचवीस वर्षांची तरुणी त्याने ठार केली. मग त्याच रस्त्यावरील दुसऱ्या केंद्रात जाऊन तेथील अडतीस वर्षांच्या स्वागतिकेला मारले. दोन्ही ठिकाणी मिळून पाच जण जखमी झाले. दुसऱ्या दिवशी व्हर्जिनिया राज्यात आणखी एका केंद्रावर गोळ्या झाडल्यावर तो पकडला गेला. साल्वी कॅथलिक घरात वाढला होता आणि कॅथलिकांविरुद्ध मोठा कट चालला आहे, असे त्याच्या मनाने घेतले होते. त्याच्या मानसिक आरोग्याचा मुद्दा खटल्यात आला, पण ज्यूरीने १९९६ मध्ये त्याला दोषी ठरवले. त्याच वर्षी तुरुंगात त्याने आत्महत्या केली.

शनिवारी सकाळी पदपथावर जपमाळ घेऊन उभ्या राहणाऱ्यांचा आणि या बंदुकीचा काय संबंध? कायद्याने पाहिले तर काहीच नाही. पण बॉस्टनचे कार्डिनल बर्नार्ड लॉ यांनी काही दिवसांतच आपल्या लोकांना केंद्रांसमोरची जागरणे तूर्त स्थगित करण्याचे आवाहन केले. प्रार्थनेवर त्यात बंदी नव्हती, हरकत होती ती जागेला. न्यूयॉर्कचे कार्डिनल ओकॉनर यांना हे पटले नाही. गर्भपात थांबले तर आपणही निदर्शने थांबवू, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. बॉस्टनमधीलही काही जागरणकर्ते हलले नाहीत. शांतपणे प्रार्थना करणाऱ्याने दुसऱ्याच्या गुन्ह्यासाठी जागा का सोडावी, हा त्यांचा प्रश्न होता.

या दोन धर्माधिकाऱ्यांतील मतभेद आम्हांला या इतिहासाचा गाभा वाटतो. दोघांची शिकवण एक, गर्भपाताविषयीचे मत एक. फरक साक्षीच्या कल्पनेत होता. ओकॉनर यांच्या लेखी साक्ष म्हणजे ठाम उभे राहणे, आणि मागे हटणे म्हणजे तिला मुकणे. लॉ यांच्या आवाहनात निराळा विचार दडलेला दिसतो. साक्ष ऐकणाऱ्यापर्यंत काय म्हणून पोचते, यालाही साक्षीदार जबाबदार असतो. दोन स्त्रियांच्या रक्तानंतर त्या पदपथावरील जपमाळ आत काम करणाऱ्यांना जपमाळ म्हणून ऐकू येणे शक्य नव्हते. बाहेर उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या कोटाखाली काय आहे, याचीच भीती त्यांना वाटणार होती.

या हत्यांनंतर राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड आणि कार्डिनल लॉ यांच्यासह अनेकांनी दोन्ही बाजूंच्या नेत्यांनी बोलावे असे सुचवले. त्यातून जे घडले ते बॉस्टनने साडेपाच वर्षे कोणाला कळू दिले नाही. सप्टेंबर १९९५ मध्ये वॉटरटाउन येथे सहा स्त्रिया एका खोलीत भेटल्या. गर्भपातविरोधी बाजूने महाधर्मप्रांताच्या संबंधित कार्यालयाच्या प्रमुख बार्बरा थॉर्प, राज्यातील गर्भपातविरोधी संघटनेच्या अध्यक्षा मॅडेलिन मॅकॉमिश आणि वकील फ्रान्सिस होगन. दुसऱ्या बाजूने, जिच्या केंद्रावर हल्ला झाला त्या संस्थेच्या प्रमुख निकी निकोल्स गॅम्बल, गर्भपाताच्या हक्काच्या संघटनेच्या मेलिसा कोगट आणि एपिस्कोपल पंथाच्या धर्मगुरू ॲन फाउलर. लॉरा चेसिन आणि सुझन पॉडझीबा या मध्यस्थ होत्या. पहिल्या भेटीआधी गर्भपातविरोधी बाजूच्या तिघींनी जवळच्या उपाहारगृहात बसून एकत्र प्रार्थना केली. शत्रूशी बोलणे म्हणजे आपल्या माणसांशी द्रोह तर नव्हे, ही धास्ती होतीच. साक्षीची जागा पदपथावरून एका बंद खोलीत आली होती, आणि तेथे समोरच्याला उत्तर देण्याचा हक्क होता.

भेटी चारच ठरल्या होत्या. त्या पाच वर्षांहून अधिक काळ चालल्या. दीडशेहून अधिक तास त्या एकमेकींसमोर बसल्या. पहिला अडथळा शब्दांचाच आला. गर्भात जे आहे त्याला काय म्हणायचे? एका बाजूला ‘न जन्मलेले बाळ’ मान्य, दुसऱ्या बाजूला नुसता ‘भ्रूण’. पुष्कळ घासाघीस होऊन ‘मानवी भ्रूण’ या शब्दावर त्या थांबल्या. कोणालाच तो आवडला नव्हता, पण त्यामुळे वाक्य पुढे जाऊ लागले. साहित्याच्या अभ्यासकांना परिभाषेवरच्या वादांची सवय असते. येथे परिभाषा ठरवण्यावर कोणाची तरी सुरक्षितता अवलंबून होती, हा फरक.

ही सुरक्षितता केवळ अलंकारिक नव्हती. साल्वीच्या कृत्याचे जाहीर समर्थन करणारा व्हर्जिनियातील एक गर्भपातविरोधी नेता बॉस्टनला येण्याच्या बेतात होता. तेव्हा गर्भपातविरोधी बाजूनेच त्याला पत्र लिहून कळवले की हिंसेविषयीची तुमची भूमिका आमच्या चळवळीच्या विरुद्ध आहे आणि तुमचे येथे स्वागत नाही. त्याने बेत रद्द केला. पदपथावर उभे राहून जे साधले नसते ते येथे एका पत्राने साधले. दुसऱ्या बाजूच्या स्त्रियांना हे पत्र पाहून काय वाटले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

३० डिसेंबर १९९५ रोजी हत्यांना एक वर्ष झाले. ब्रुकलाइनमधील ज्यू प्रार्थनामंदिरात स्मरणसभा भरली. ही सभा अर्थातच गर्भपाताच्या हक्काच्या बाजूची. गॅम्बल बोलायला उभ्या राहिल्या आणि त्यांनी आपल्याशी सहमत असलेल्यांच्या प्रार्थनांबद्दल जसे आभार मानले, तसेच सहमत नसलेल्यांच्या प्रार्थनांबद्दलही मानले. सभागृहातील बहुतेकांना हे आभार कोणाला उद्देशून आहेत याची कल्पना नव्हती. श्रोत्यांत बार्बरा थॉर्प, त्यांचे पती आणि फ्रान्सिस होगन बसले होते. दोन कॅथलिक स्त्रिया ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, आपल्या विरोधकांच्या मृतांसाठी, कोणालाही न सांगता येऊन बसल्या होत्या. त्यांच्या हाती ना फलक होता, ना त्यांना काही म्हणायचे होते. प्रार्थना-जागरणाच्या इतिहासात या रात्रीची नोंद कोणी करत नाही. आमच्या मते ती करायला हवी.

२८ जानेवारी २००१ रोजी सहाही जणींनी ‘बॉस्टन ग्लोब’ या दैनिकात संयुक्त लेख लिहून हे गुपित उघड केले. लेख वाचून मनोमीलनाची अपेक्षा करणाऱ्याची निराशा होते. एकीचेही मत बदललेले नव्हते. उलट, इतके तास स्वतःचे म्हणणे समजावून सांगितल्यामुळे प्रत्येकीला ते अधिक स्पष्ट झाले होते. आपल्यातील भेद केवळ एका प्रश्नाचा नसून जग पाहण्याच्या दोन रीतींचा आहे, असे त्यांनी प्रांजळपणे लिहिले. बदलली होती ती एकमेकींविषयी बोलण्याची भाषा. समोरच्या स्त्रीने आपले शब्द ऐकले आहेत, हे ठाऊक असल्यावर सभेतील भाषणही निराळे होते.

पुढच्याच वर्षी बॉस्टनच्या चर्चवर निराळे संकट कोसळले. धर्मगुरूंनी केलेल्या बालकांच्या लैंगिक शोषणाची आणि ते झाकण्याची कथा जानेवारी २००२ पासून त्याच ‘ग्लोब’ने बाहेर काढली आणि डिसेंबरात कार्डिनल लॉ यांना पद सोडावे लागले. दुबळ्या जिवासाठी साक्ष देणाऱ्या संस्थेने आपल्याच दुबळ्या मुलांविषयी मौन पाळले होते. पदपथावरच्या जपमाळेवर त्याची छाया पडल्याशिवाय राहिली नाही. पीडितांसाठी महाधर्मप्रांताने जे कार्यालय उघडले त्याची सूत्रे बार्बरा थॉर्प यांच्याकडे आली. संतापलेल्या माणसासमोर बसून ऐकून घेणे त्या वॉटरटाउनमध्ये शिकून आल्या होत्या.

इकडे शासनाने अंतराचा प्रश्न फूटपट्टीने सोडवायला घेतला होता. मॅसॅच्युसेट्स राज्याने २००० साली कायदा केला. केंद्राच्या दारापासून अठरा फुटांच्या आत, संमतीवाचून कोणी कोणाच्या सहा फुटांहून जवळ जायचे नाही. माणसे हलतात, संमती दिसत नाही. पोलिसांना हा हलता घेर मोजता येईना. म्हणून २००७ मध्ये पस्तीस फुटांचे स्थिर क्षेत्र ठरवले गेले आणि पदपथावर रंगाची कमान आखली गेली. त्या रेषेच्या आत जाणारे-येणारे आणि कर्मचारी वगळता कोणी थांबायचे नाही, मग तो शिव्या देणारा असो, जपमाळ ओढणारा असो, वा हळू आवाजात काही सांगू पाहणारा असो.

एलिनॉर मॅक्कलन या सत्तरी ओलांडलेल्या बाईंनी या रेषेला आव्हान दिले. कॉमनवेल्थ अ‍ॅव्हेन्यूवरील केंद्राबाहेर उभ्या राहून त्या येणाऱ्या स्त्रियांशी बोलत आणि मदत देऊ करत. आपण निदर्शक नाही, आपल्याला समोरासमोर, मायेने बोलायचे आहे, असे त्यांचे म्हणणे. २६ जून २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमुखाने तो कायदा रद्द ठरवला. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांच्या निकालपत्रात एक निरीक्षण आहे: रेषेबाहेर उभे राहिल्यामुळे या बाईंना आवाज चढवून बोलावे लागते आणि चढवलेला आवाज त्यांच्या निरोपाशी विसंगत ठरतो. अंतर वाढले की कुजबुजीची आरोळी होते, हे न्यायालयाने ओळखले.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जी स्त्री आयुष्यातील कठीण सकाळी त्या दाराशी येते, तिने या संभाषणाला होकार दिलेला नसतो. बोलणारी आजी प्रेमळ आहे की तिच्या मागे आणखी कोणी उभे आहे, हे पस्तीस पावलांत तिला कळत नाही, आणि ब्रुकलाइन ज्यांना आठवते त्यांना तर कळून घेण्याची जोखीमही नको असते. राज्याने त्याच जुलैत नवा कायदा केला. अडवणूक होत असेल तर पोलीस जमाव पांगवू शकतात आणि त्यानंतर आठ तासांपर्यंत पंचवीस फूट दूर राहावे लागते. फूटपट्टी पुन्हा आली, फक्त ती आता वागणुकीवर अवलंबून राहिली.

२०२२ च्या जूनमध्ये ‘रो’चा निकालच रद्द झाला, पण मॅसॅच्युसेट्समध्ये गर्भपात कायदेशीर राहिला. अंतराचा प्रश्न तोवर समुद्रापलीकडे गेला होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये आयर्लंडमध्ये शंभर मीटरांची आणि इंग्लंड-वेल्समध्ये दीडशे मीटरांची क्षेत्रे अमलात आली. त्याच महिन्यात इंग्लंडमधील बोर्नमथ येथे एका माणसाला स्थानिक आदेशाखाली दोषी ठरवण्यात आले. सांगूनही तो तेथून हलला नव्हता. तो काही बोललाही नव्हता, केवळ मूकपणे प्रार्थना करत उभा होता. दोन श्रोत्यांपैकी दुसरा तेथे मुद्दाम वगळलेला होता, असे त्याचे समर्थक म्हणतील. मग तीच जागा कशासाठी, असे त्याचे विरोधक विचारतील. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि मीटर वाढवल्याने त्यांपैकी एकाचेही उत्तर मिळत नाही.

बॉस्टनच्या या वीस वर्षांत साक्षीचे दोन हिशेब झाले. एक फुटांत मांडला गेला आणि तो विधिमंडळ, पोलीस व न्यायालय यांच्याकडे राहिला. दुसरा तासांत मांडला गेला. दुसऱ्याने पहिल्याची गरज संपवली असे म्हणता येत नाही; रेषा आखण्याची वेळ वॉटरटाउनच्या भेटींनंतरही आलीच. पण हत्यांनंतरच्या पहिल्या वर्षात त्या शहराला आणखी रक्तापासून जपण्याची धडपड ज्यांनी केली, त्यांत पदपथावरून उठून खोलीत आलेल्या त्या तीन कॅथलिक स्त्रिया होत्या.

मराठीत ‘अंतर’ म्हणजे दोन ठिकाणांमधले लांबपण, ‘अंतर’ म्हणजे फरक, आणि ‘अंतर’ म्हणजे मनही. ‘अंतर देणे’ म्हणजे सोडून देणे, दुरावणे. सहा स्त्रियांनी आपल्या मतांमधील अंतर एका बोटाने कमी केले नाही. त्यांनी एकमेकींना अंतर दिले नाही, एवढेच.